छागलीतले पाणी



गेल्या मे महिन्यात आर्वी तालुक्यातल्या एका गावी खरीपपूर्व सभा आटोपून आम्ही पारावर चहा घेत बसलो होतो. दहावीची परीक्षा दिलेला एक मुलगा जवळ येऊन उभा राहिला. सायकलवर जग फिरणाऱ्या माणसांविषयी त्याने कुठेसे वाचले होते. म्हणाला, "साहेब, वाळवंटात एकट्या मानसाले पानी कोन देते?"

मोठी माणसे हसली. मला मात्र प्रश्न अगदी मुद्द्याचा वाटला. तिथल्या तिथे जमेल तेवढे सांगितले, पण एसटी यायची वेळ झाली आणि बोलणे अर्धे राहिले. म्हणून या खेपेला बियाणे-खते बाजूला ठेवून तेच पुरे करतो.

आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी ही मुलगी २०१८ साली सायकलने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. वय अवघे वीसच्या आत-बाहेर, शिकायला इंग्लंडात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराहून जुलैत सुरुवात केली आणि १४ देश, सुमारे २९ हजार किलोमीटर पार करून डिसेंबरात ती कोलकात्याला पोचली. १५९ दिवस लागले. काही दिवशी तिने ३०० किलोमीटरपर्यंत मजल मारली, आणि बहुतेक वाट एकटीने.

पर्थहून पूर्वेला निघाले की थोड्या दिवसांत नलारबोरचे मैदान लागते. 'नलारबोर' हे नाव लॅटिन शब्दांवरून घेतलेले, अर्थ 'एकही झाड नाही'. खाली सगळा चुनखडीचा दगड. वर्षाचा पाऊस २०० ते २५० मिलिमीटर, आणि पडतो तोही दगडाच्या भेगांतून खाली पाताळात जातो. आपल्या वर्धा जिल्ह्यात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि आपली काळी जमीन तो धरून ठेवते, तरी आपण कुरकुरतो. तिकडे नदी नाही, ओढा नाही, उगवतात ती खारट जमिनीत तग धरणारी खुरटी झुडपे.

नॉर्समन ते सेडुना हा त्यातला रस्ता सुमारे १२०० किलोमीटर. बलाडोनिया नावाच्या ठिकाणी पेट्रोलपंप आणि खाणावळ आहे, तिथून पुढची तशीच जागा कैगुनाला, १८२ किलोमीटरवर. म्हणजे वर्ध्याहून नागपूरला जाऊन परत यावे आणि वर तीस किलोमीटर. मध्ये वस्ती नाही. त्यातले जवळजवळ १४६ किलोमीटर रस्त्याला एक वळणसुद्धा नाही.

आता पाण्याचा हिशेब मांडू. सामान लादलेली सायकल तासाला पंधरा ते अठरा किलोमीटर जाते. म्हणजे १८२ किलोमीटरला दहा-बारा तास. कडक उन्हात राबणाऱ्या माणसाला तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागते. म्हणजे आठ-दहा लिटर, आणि पाण्याचे वजन लिटरला किलो. दहा किलोचे पाणी ओढायला पुन्हा जास्त घाम! हा हिशेब उन्हाळ्याचा झाला. वेदांगी निघाली जुलैत, आणि जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा. दिवस लहान, रात्री गारठा, संधिप्रकाशात कांगारू रस्त्यावर येतात, मोठाले मालट्रक अंगाजवळून जातात. हे सगळे त्रास आहेतच. पण पाणी निम्म्यावर येते. मला तिच्या पायांतल्या ताकदीइतकेच निघण्याच्या महिन्याचे कौतुक वाटते. पेरणीचा दिवस साधणाऱ्याला ते कळेल.

याच मैदानातून पहिली सायकल गेली ती १८९६ साली. आर्थर रिचर्डसन नावाचा गडी कूलगार्डी या सोन्याच्या खाणींच्या गावाहून नोव्हेंबरात निघाला, म्हणजे तिकडचा उन्हाळा तोंडावर. डांबरी रस्ता नव्हताच. तारेच्या खांबांचा माग धरून तो चालला आणि ३१ दिवसांनी ॲडलेडला पोचला. सोबत थोडेसे सामान आणि पाण्याची एक पिशवी.

ती पिशवी म्हणजे आपली छागल. जुन्या वाचकांना आठवत असेल, पूर्वी जीपला आणि ट्रकला पुढे जाड कापडाची छागल लटकवलेली असे. कापडातून पाणी पाझरते, वाऱ्याने वाळते, आणि वाळता वाळता आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठाचेही तेच. पण थंडाव्याची किंमत पाण्यातच द्यावी लागते. छागल भरत राहिले नाही तर संध्याकाळी कापड कोरडे.

माणसाचे शरीर हीच छागल आहे. कपाशीला दुपारी ऊन सोसेना झाले की ती पानांची रंध्रे मिटून घेते, पाने मान टाकतात, आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. माणसाला ती सोय नाही. त्याला घाम गाळूनच थंड राहावे लागते. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतही नाही, लगेच उडतो. सदऱ्याच्या पाठीवर फक्त मिठाचे पांढरे नकाशे उरतात. त्यामुळे पाणी किती गेले ते कळत नाही.

हे मी पुस्तकात शिकलो होतो आणि तरी फसलो. नोकरीची पहिली वर्षे. कारंजा तालुक्यातल्या एका गावी बोंडअळीच्या कामासाठी जायचे होते. एसटीने फाट्यावर सोडले, टपरीवाल्याची सायकल मागून घेतली, अकरा-बारा किलोमीटरची कच्ची वाट. मे महिना, दुपारचे बारा, डोक्याला काही नाही, जवळ एक बाटली. ती अर्ध्या वाटेत संपली. पुढे चढावर डोळ्यांपुढे पिवळे दिसू लागले, अंग कोरडे पडले, आणि मी सायकलसकट एका पळसाखाली बसलो तो उठेनाच. शेळ्या राखणारी एक म्हातारी तिथे होती. तिने आपल्या कळशीतले पाणी आधी माझ्या डोक्यावर आणि मानेवर घातले, मग प्यायला दिले. मी हावऱ्यासारखा तोंडाला लावले तर कळशी ओढून घेतली. "बाबू, असा गटागटा नोको पिऊ. घोट घोट पे." आणि पदराच्या गाठीतून मिठाचा खडा काढून हातावर ठेवला. कृषी पदवीधराला त्या दिवशी धडा मिळाला तो असा. सायकल टपरीवाल्याला संध्याकाळी परत केली, चालवत नव्हे, हाताने ढकलत.

तिने जे केले तेच आज डॉक्टरही सांगतात. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी. काम लांबले तर नुसते पाणी पुरत नाही, घामाबरोबर मीठही जाते. ताक, कैरीचे पन्हे, नाहीतर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. (चमचे चहाचे. रक्तदाबाच्या रोग्याने मिठाचे डॉक्टरांना विचारावे.) लघवी गडद पिवळी होऊ लागली की समजावे छागल आटली. आणि कोणी बरळू लागला, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर घाम असो वा नसो, सावलीत निजवून ओल्या कपड्याने अंग पुसत वारा घालावा आणि ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. खिशातला कांदा खायला चांगला. खिशात राहून तो काही करीत नाही.

त्या पारावरच्या बैठकीत हे बोलताना मी पुढे म्हणालो की आपल्याला महिना निवडता येत नाही, धसकटे मे मध्येच वेचावी लागतात, पण तास तर निवडता येतात. दहा ते पाच काम कशाला? सकाळी सहाला लागा, साडेदहाला सुटा. वाळवंटातला माणूसही उन्हाळ्यात तसेच करतो. मालक मंडळी गप्प. पलीकडे पाण्याला चाललेल्या बायका थांबून ऐकत होत्या. त्यातली एक म्हणाली, "साहेब, त्या पोरीले सकाऊन सैपाक-पानी करा लागत नसन ना?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. सहाला शेतात यायचे तर तिला साडेतीनला उठावे लागणार, नळ येणार सातला. आणि साडेदहाला सुटले तर मालक मजुरी अर्धी धरणार, ही धास्ती वेगळीच. बोलाचाली बरीच झाली. शेवटी एका मालकाने कबूल केले की सातला यावे, अकराला सुटावे, दुपार कलल्यावर साडेचार ते साडेसहा पुन्हा, मजुरी पूर्ण, आणि बांधावर भरलेला माठ त्याच्या घरून येईल. दोघी-तिघींनी संध्याकाळच्या पाळीला नकार दिला, घरी लेकरे लहान. त्यांचा हिशेब मालकाने अंगावर घ्यायचा ठरले. बाकीच्यांनी बघू म्हटले.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्या शिवारात गेलो. अकरा वाजून गेले होते, शेतात कोणी नव्हते. बांधावर निंबाखाली माठ होता, वर ओले पोते. तो मुलगा त्याच्यावर उपडा पेला ठेवत होता. म्हणाला, "दोन डाव भरला साहेब आज."