हॅम रेडिओच्या परवान्याचे नूतनीकरण आणि आपला सीमाभाग

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत हॅम रेडिओ, म्हणजे हौशी रेडिओ केंद्र चालवणारी माणसे फार नाहीत. त्यांच्या परवान्याचे नूतनीकरण हा विषय मंडळाच्या पानावर कशाला, असे काही सभासदांना वाटेल. पण या विषयाचा संबंध जितका छंदाशी आहे, तितकाच आपल्या भागातल्या पूर-भूकंपाशीही आहे. अलीकडच्या वर्षांत दोन गोष्टी बदलल्या आहेत. अर्ज दिल्लीला टपालाने पाठवण्याऐवजी ऑनलाइन करावा लागतो, आणि ज्या कायद्याखाली हे परवाने मिळत होते तो कायदाच बदलला आहे. या दोन्हींचा परिणाम आपल्याकडे इतर ठिकाणांपेक्षा थोडा वेगळा होतो, तो समजून घेणे आवश्यक आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. हॅम रेडिओ म्हणजे आकाशवाणीसारखे प्रक्षेपण नव्हे. परवानाधारक माणसाने स्वतःच्या घरातून, ठरवून दिलेल्या लहरींवर, दुसऱ्या परवानाधारकाशी बिनतारी संपर्क साधायचा. त्यात पैसे मिळवायचे नाहीत आणि व्यापारी निरोप द्यायचे नाहीत. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षा देता येते. रेडिओचे तंत्र आणि रेडिओचे नियम हे तिचे दोन विषय. परवान्याच्या दोन श्रेणी आहेत, जनरल आणि रिस्ट्रिक्टेड. मोर्स संकेत फक्त जनरल श्रेणीला लागतात. परवाना मिळाला की व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारे एक बोलावणे-चिन्ह मिळते आणि जगभर त्याच चिन्हाने तो माणूस ओळखला जातो. हे सगळे १९७८ च्या नियमांनुसार, केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील वायरलेस नियोजन व समन्वय शाखेकडून होते.

राज्य सरकारचा यात भाग नाही, ही बाब सीमाभागातल्या वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावी. आपली बहुतेक सरकारी कामे नाडकचेरी, तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या रांगेतून जातात आणि तिथे भाषेचा प्रश्न येतोच. हा परवाना मात्र थेट केंद्राचा आहे. ‘सरल संचार’ या संकेतस्थळावर खाते उघडायचे, अर्ज भरायचा, जुना परवाना, परीक्षेचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र जोडायचे आणि ‘भारतकोश’मार्फत शुल्क भरायचे, असा साधारण क्रम आहे. औरादच्या माणसाला बंगळूर गाठावे लागत नाही आणि आळंदच्या माणसाला दिल्लीला रजिस्टर्ड टपाल करून पोचपावतीची वाट पाहावी लागत नाही. बिदरपासून बंगळूर सातशे किलोमीटरच्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले तर ही सोय लहान नाही.

अंतराचा प्रश्न असा बराचसा सुटला, तरी कागदांचा प्रश्न राहिलाच आहे. टपालाने आलेला अर्ज माणूस वाचत असे आणि ‘गुलबर्गा’ आणि ‘कलबुर्गी’ हे एकच गाव आहे हे त्याला कळत असे. ऑनलाइन अर्जात एका कागदावरचे नाव आणि पत्ता दुसऱ्या कागदाशी अक्षराला अक्षर जुळावा लागतो. आपल्याकडे नेमके तेच जुळत नाही, आणि त्यात अर्जदाराचा दोष नसतो.

पत्त्याचेच पाहा. १ नोव्हेंबर २०१४ पासून गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. त्याआधी २००९ च्या अखेरीस यादगिर वेगळा जिल्हा झाला होता. नंतर कमलनगर, हुलसूर, चिटगुप्पा हे नवे तालुके झाले. माणूस त्याच वाड्यात, त्याच खोलीत बसून रेडिओ चालवतो आहे, पण परवान्यावर तालुका औराद आहे आणि आधारवर कमलनगर. सीमेपलीकडच्या उस्मानाबादचेही आता धाराशिव झाले आहे, त्यामुळे तिकडून इकडे राहायला आलेल्यांची हीच अडचण आहे. परवान्यावर रेडिओ केंद्राचा पत्ता लिहिलेला असतो आणि केंद्र हलवले तर तशी नोंद करून घ्यावी लागते. म्हणून कोणी खरोखर घर बदलले आणि कोणाच्या फक्त तालुक्याचे नाव बदलले, हा फरक अर्जात स्पष्ट लिहिलेला बरा.

नावाची गोष्ट त्याहून अवघड आहे. आपल्या मराठी घरांत नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येते. कर्नाटकातल्या कागदांवर पुष्कळदा आद्याक्षरे आणि नाव एवढेच असते. एकाच माणसाची तीन नावे तीन कागदांवर असणे आपल्याकडे नवल नाही. लग्नाआधी परीक्षा दिलेल्या लेकीसुनांचे परवाने माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या नावावर असतात. बँकेत आणि पासपोर्ट कार्यालयात आपण हे सगळे भोगलेले आहे. फरक इतकाच की बँकेचे काम दर महिन्याला असते, म्हणून आपण ते नीट करून घेतो. रेडिओचा परवाना वीस-वीस वर्षे कपाटात असतो.

मुदतीचा हिशेब म्हणूनच नीट समजून घ्यावा. परवाना २० वर्षांसाठी किंवा आजीवन मिळतो, आणि आजीवन म्हणजे वयाच्या ८० वर्षांपर्यंत. वीस वर्षांसाठी १,००० रुपये आणि आजीवनसाठी २,००० रुपये असे शुल्क ठरलेले आहे. भरण्यापूर्वी संकेतस्थळावरचा चालू दर पाहून घ्यावा. चाळिशीतल्या माणसाने आजीवन घेतला तर दुप्पट पैशात दुप्पट वर्षे मिळतात आणि मधले नूतनीकरण टळते. पंचविशीतल्या मुलासाठी तर आजीवनच सोयीचा. साठीत पोचलेल्याला मात्र दुप्पट पैसे भरून तीच वीस वर्षे मिळतील. ‘आजीवन’ शब्द पाहून लगेच तोच पर्याय निवडू नये.

आता कायद्याविषयी. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केला आणि त्याची कलमे जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. त्यात ‘लायसन्स’ऐवजी ‘ऑथरायझेशन’ हा शब्द आहे. जुन्या परवान्यांचे काय, याचे उत्तर कायद्याने दिले आहे. ज्या परवान्याला निश्चित मुदत आहे तो त्या मुदतीपर्यंत चालेल आणि ज्याला निश्चित मुदत नाही तो ठरलेल्या दिवसापासून ५ वर्षे चालेल. जुने नियमही, नव्या कायद्याशी विसंगत नसतील तेवढे, नवे येईपर्यंत चालू राहतात. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण आपल्या परवान्यावर शेवटची तारीख काय लिहिली आहे हे प्रत्येकाने आजच पाहावे. मुदत संपलेल्या परवान्यावर रेडिओ बाळगणे जुन्या कायद्यात गुन्हा होता आणि नव्या कायद्यातही परवानगीशिवाय रेडिओ यंत्र ठेवणाऱ्याला दंड आहे. आजोबांचा सेट माळ्यावर आहे आणि परवाना कुठे आहे कोणालाच माहीत नाही, अशा घरांनी हे विशेष लक्षात घ्यावे. परवाना आजोबांच्या नावाचा असतो. सेट नातवाला मिळाला तरी परवाना त्याच्याकडे आपोआप येत नाही.

एवढे सगळे कशासाठी करायचे, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर किल्लारीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि दहा हजारांच्या जवळपास माणसे गेली. किल्लारी आणि सास्तूर महाराष्ट्रात, पण धक्का बिदर-गुलबर्ग्याच्या घराघरांत बसला आणि आपल्यापैकी कितीतरी घरांची सोयरीक त्या गावांत होती. त्या वेळी मोबाइल नव्हते आणि टेलिफोनच्या तारा कोसळल्या की गाव तुटत असे. तेव्हा संपर्काच्या कामाला हौशी रेडिओचालक धावून गेले. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा अंदमानात असलेल्या भारती प्रसाद यांच्या हॅम केंद्रावरून मुख्य भूमीला निरोप गेले. आता सगळीकडे मोबाइल आहेत, मग हे कशाला, असे म्हणावे तर जुलै २०२४ मध्ये वायनाडला दरड कोसळल्यावर कल्पेट्टाच्या जिल्हाधिकारी कार्यालयात हॅम केंद्र उभारावे लागले. मोबाइलच्या टॉवरला वीज लागते. ती गेली की बॅटरी आणि डिझेल असेतोवर टॉवर चालतो. हॅमचा छोटा सेट मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि त्याला मध्ये कोणताच टॉवर लागत नाही.

सीमाभागाची गोष्ट याहून पुढची आहे. आपल्यावर येणारे पाणी शेजारच्या राज्यातून येते. उजनीतून सोडलेले पाणी भीमेने अफजलपूरला सोन्न बंधाऱ्यावर पोचते. मांजरा बीड-लातूरकडून बिदर जिल्ह्यात उतरते. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या पुराने कलबुर्गी जिल्ह्यातली गावे पाण्याखाली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापुरात अतिवृष्टी झाली तेव्हाही खालच्या अंगाला आपणच होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिंचोळी तालुक्यातील गडिकेश्वर परिसरात भूकंपाचे धक्के बसले आणि लोक रात्री अंगणात झोपले. सरकारी यंत्रणेचा निरोप सोलापूरहून मुंबईला, तिथून बंगळूरला आणि मग कलबुर्गीला, असा राजधान्यांच्या वाटेने जातो. अधिकारी एकमेकांना फोन करतात हे खरे, पण फोन चालू असेतोवरच. रेडिओची लहर राज्याची हद्द पाहत नाही. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर दिवसा काही शे किलोमीटरपर्यंत बोलता येते, म्हणजे बसवकल्याणहून सोलापूर, पुणे, हैदराबाद सगळे टप्प्यात. नेहमीच्या दिवसांत दुसऱ्यांचे निरोप पोचवायला हॅमला मनाई आहे. आपत्तीत नेहमीची साधने बंद पडली तर नियमच त्याला मुभा देतात. पण ती परवाना चालू असणाऱ्यालाच. संपलेल्या परवान्याचा माणूस त्या रात्री सेट सुरू करील की घाबरून गप्प बसेल, हे सांगता येत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. दोन-चार हॅम असल्याने पूर थांबत नाही. आपत्तीदलाकडे स्वतःचे वायरलेस आणि उपग्रह फोन आहेत. आणि केवळ परवाना नवा करून केंद्र जिवंत राहत नाही, त्यावर अधूनमधून बोलावे लागते. हे मान्य केले तरी हिशेब आपल्याच बाजूने लागतो. हजार रुपयांत वीस वर्षे एक जाणता माणूस गावात तयार राहतो. पंचायतीच्या पातळीवर इतक्या स्वस्तात दुसरी कोणतीही व्यवस्था होत नाही.

तेव्हा काय करावे? ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी मुदत संपण्याची वाट न पाहता आधी आधार आणि परीक्षेचे प्रमाणपत्र यांवरचे नाव जुळवून घ्यावे. संकेतस्थळावर खाते उघडताना सायबर सेंटरवाल्याचा ई-मेल देऊ नये. पुण्या-हैदराबादच्या मुलाचा मोबाइल नंबर द्यायचा असेल तर तो नंबर बदलल्यावर ओटीपी कोणाकडे जाईल याचा विचार करावा. जमा केलेल्या अर्जाचा क्रमांक आणि पैसे भरल्याची पावती छापून जुन्या परवान्याबरोबरच ठेवावी. नव्याने शिकू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी बिदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत आहे. तिथे १९८३ पासून राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था काम करते आहे. परीक्षा केंद्र सरकारची असल्याने ती कर्नाटकातच द्यावी असे काही नाही.

मंडळाकडूनही एक अपेक्षा ठेवायला हरकत नाही. आपण हळदीकुंकू, गणेशोत्सव आणि वाचनालय वर्षानुवर्षे चालवतो. मृगाच्या आधी एखादा रविवार ठेवावा. परवानाधारकांनी कागद घेऊन यावे आणि संगणक जाणणाऱ्या तरुणांनी त्यांचे अर्ज भरून द्यावेत. कन्नड भाषक शेजाऱ्यांनाही बोलवावे, कारण पूर दोघांनाही सारखाच येतो. त्या दिवशी जमलेल्यांची संमती घेऊन गाव आणि बोलावणे-चिन्ह एवढीच यादी करावी आणि ती बिदर, कलबुर्गी, लातूर आणि सोलापूर या चारही जिल्ह्यांच्या आपत्ती कक्षांना द्यावी. यादीत पाचच नावे आली तरी ती पावसाळ्यापूर्वी पोचलेली असावी.