एक्सलचे अंदाजपत्रक आणि शेवटच्या आकड्याचा भ्रम

मोटारीच्या पुढच्या चाकाजवळचा रबरी बूट फाटला की दोन-तीन गॅरेजांतून अंदाजपत्रके मागवायची आणि कमी आकडा सांगणारा मेकॅनिक प्रामाणिक, जास्त सांगणारा लुटारू असा निकाल द्यायचा, ही रीत मोटारमालकांत खोल रुजली आहे. तिच्या मुळाशी असलेले गृहीतक असे की, ही सर्व अंदाजपत्रके एकाच कामाची आहेत. बहुधा ती तशी नसतात.

अँबॅसिडर आणि पद्मिनी या मोटारी मागच्या चाकांच्या जोरावर चालत, त्यामुळे त्यांच्या मालकांना हा बूट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. 1983 साली आलेल्या मारुती 800 पासून पुढच्या चाकांना शक्ती देणारी रचना भारतात घरोघरी पोहोचली. या रचनेत गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत शक्ती नेणाऱ्या दांड्याला ड्राइव्ह शाफ्ट किंवा गॅरेजच्या बोलीत एक्सल म्हणतात. चाक वळताना व खाली-वर होतानाही त्याची गती एकसारखी राहावी म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, आणि त्या सांध्यांतील ग्रीस आत व धूळ-पाणी बाहेर ठेवणारे घडीदार आवरण म्हणजे बूट. तो फाटला की ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडते, पावसाळ्यातला चिखल सांध्यात शिरतो आणि पोलादी गोळ्या व त्यांच्या खाचा झिजू लागतात.

पूर्ण एक्सल बदलायला सांगणारा तो फसवणारा, असा एक पूर्वपक्ष मांडला जातो. तो टिकणारा नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे नेताना कटकट आवाज येत असेल, तर बाहेरील सांधा बहुधा झिजलेला असतो, आणि अशा सांध्यावर नवा बूट चढवणे म्हणजे मजुरी वाया घालवणे होय. याच्या उलट, बूट फाटला की एक्सलच बदलावा, हा दुसरा पूर्वपक्षही तितकाच सदोष आहे. अमेरिकेत मजुरी महाग आणि पुनर्बांधणी केलेला एक्सल तुलनेने स्वस्त, म्हणून तिथे तो सल्ला हिशेबात बसतो. भारतात मजुरी स्वस्त असल्याने हिशेब पुष्कळदा उलटा होतो. फाटणे नवे असेल, सांधा निःशब्द असेल आणि त्यात ढिलाई नसेल, तर सांधा धुऊन नवे ग्रीस व नवा बूट बसवणे पुरते, आणि कंपनीचा मूळ सांधा कित्येक स्वस्त पर्यायी एक्सलांपेक्षा सरस असतो.

कमी आकड्याची चिकित्सा मात्र सर्वांत कठोर हवी. एक्सल न काढता चिरलेला बूट गुंडाळून चिकटवणे, घाण झालेले ग्रीस न धुता त्यावरच नवे भरणे, उत्पादकाने एकदाच वापरायला सांगितलेला हब नट पुन्हा आवळणे, एक्सल काढताना सांडलेले गिअर ऑइल व झिजलेले ऑइल सील यांचा उल्लेखच टाळणे, या मार्गांनी आकडा सहज खाली येतो. पर्यायी एक्सलवर एबीएसच्या सेन्सरसाठी लागणारी दातेरी कडी नसेल, तर ज्या मोटारीत ती एक्सलवरच असते तिथे ब्रेकची ही सुरक्षाच निकामी होते. तेव्हा हा नुसता पैशांचा प्रश्न उरत नाही.

म्हणून अंदाजपत्रक पारखायचे ते बेरजेवरून नव्हे, निदानावरून. कोणत्या बाजूचा, आतला की बाहेरचा सांधा, कोणत्या लक्षणावरून दोषी ठरवला, सुटा भाग कोणत्या बनावटीचा, मजुरी किती आणि हमी किती महिन्यांची, हे लिहिलेले नसेल तर ते अंदाजपत्रक नव्हे, केवळ मागणी आहे. बिल न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, त्यामुळे लेखी हिशेब मागण्यात संकोचाचे कारण नाही. मालकांनी बूट बदलणे व पूर्ण एक्सल बदलणे या दोन्ही कामांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत, आणि सांधा उघडून, धुऊन, डोळ्यांसमोर दाखवल्याशिवाय एक्सल बदलू नये, ही अट त्याच कागदावर घालावी.