पाण्यात उतरायचं तर कपडा कोणता?

गुडघे दुखतात म्हणून डॉक्टर पाण्यात चालायला सांगतात, तेव्हा पुरुषाला फक्त वेळ काढावा लागतो. बाईला आधी कपड्याचा प्रश्न सोडवावा लागतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत जातात, वजन वाढलेलं आहे आणि जलतरण तलावावर जायची मला लाज वाटते. या लाजेत धर्म थोडा आहे, पोटाचा घेर जास्त.

खरं तर पाणी जड माणसासाठीच आहे. कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचा साधारण निम्माच भार येतो, छातीपर्यंतच्या पाण्यात जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे ज्यांना तलावाची सर्वांत जास्त गरज, त्याच बायका फाटकावरून परत फिरतात.

तलाववाले सुती कपडा नको म्हणतात, ते मला पटतं. सूत पाणी पितं, जड होतं, त्याचे तंतू गाळणीत अडकतात. पण काही ठिकाणी बाह्या आणि पायही आखूडच हवेत असा हट्ट असतो. त्याला स्वच्छतेचं कारण देतात. घोट्यापर्यंतचं नायलॉन पाणी खराब करतं आणि मांडीपर्यंतचं करत नाही, हे कसं? नियम कापडाचा असावा, लांबीचा नको.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात अहेदा झनेटी यांनी बुर्किनी तयार केली. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या काही किनाऱ्यांवर तिला बंदी झाली. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यातल्या एका गावाची बंदी स्थगित केली, आणि २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ग्रनोबल शहराच्या तलावांनी दिलेली मोकळीक रोखली. उलट १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या, तेव्हा कपडा कमी म्हणून महाराष्ट्रात गहजब झाला होता. जास्त असो की कमी, बोलणारे दुसरेच.

आपल्या मोहल्ल्यालाही हे लागू आहे. पुरुषांनाही नाभीपासून गुडघ्यापर्यंत झाकण्याची शिकवण आहे. त्यांची चड्डी मांडीवर संपली म्हणून कुणी बैठक बोलावल्याचं मी ऐकलेलं नाही.

हेमलकसाचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. १९७३ मध्ये तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. आजूबाजूच्या माडिया लोकांच्या अंगावर पुरेसं कापड नाही हे पाहून डॉ. प्रकाश आमटे यांनी बनियन आणि अर्धी चड्डी हाच आपला पोशाख केला. पुढे पद्मश्री मिळाली, २००८ मध्ये मॅगसेसे मिळाला, पण रोजचा पोशाख तोच राहिला. त्याच घरात, त्याच दवाखान्यात डॉ. मंदाकिनीताई साडी नेसतात. नवऱ्याने स्वतःपुरतं ठरवलं, बायकोने स्वतःपुरतं. रुग्णाला दोघांकडूनही औषधच मिळतं.

आता कामाचं. सैल कुर्ता निवडू नका. पाण्यात तो फुगून वर येतो, पाय ओढतो, आणि लपवायचं ते जास्तच दिसतं. अंगाबरोबर बसणारा, गडद रंगाचा, आतून अस्तर असलेला कपडा घ्या. क्लोरीनने लायक्रा लवकर ढिली पडते, पॉलिएस्टर जास्त टिकतं. वापरल्यावर लगेच साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. दुकानात नुसतं आरशासमोर उभं राहू नका. हात वर करा, खाली बसा, वाका. कपडा सरकला की तो नापास, मग किंमत काही असो. (ऑनलाइन मागवणार असाल तर परत घेतात का ते आधी बघा, पोहण्याचे कपडे पुष्कळजण परत घेत नाहीत.) कपडे बदलायच्या खोलीपासून पायरीपर्यंतची दहा पावलंच सर्वांत कठीण असतात. तेवढ्यापुरता मोठा टॉवेल गुंडाळून जा आणि काठावर ठेवा. पाणी छातीपर्यंत आलं की कुणाला काही दिसत नाही.

मी काळा, कोपरापर्यंत बाह्या आणि घोट्यापर्यंत पाय असलेला कॉस्च्युम घेतला आहे. माझ्या बहिणीला तो उकाड्याचा वाटतो, ती गुडघ्यापर्यंतचा घालते. सकाळच्या बायकांच्या वेळेत आम्ही दोघी एकाच रांगेत चालतो.