कोयता मोजता, मग बाळंतीण का मोजत नाही?

साखर कारखान्याच्या हिशेबात ऊस तोडणाऱ्या नवराबायकोस मिळून एक 'कोयता' म्हणतात. माणसे दोन, हात चार, आणि मुकादमाच्या वहीत नाव एकाचे! उचल घेतो नवरा, सही किंवा अंगठा त्याचा. आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत पाचट काढते, मोळी बांधते, ती 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकावर चढते, ती बायको. जिचे नावच वहीत नाही, तिला बाळंतपणाची रजा कोण देणार?

आम्हां मास्तरांच्या शाळेत बाई शिक्षिका असेल तर तिला सरकारी नियमाने 180 दिवस भरपगारी रजा मिळते. कचेरीतल्या व कारखान्यातल्या कायम बाईस 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवडे मिळाले, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच कायम ठेवले आहेत. फार उत्तम झाले. पण उसाच्या फडात बाई बाळंत झाली तर तिचा 'खाडा' पडतो आणि त्याचे पैसे उचलीत चढतात. मग ती आठ-पंधरा दिवसांत पुन्हा फडात उभी. तान्हे बांधाला, झोळीत. त्याला सांभाळायला थोरली मुलगी. दिवाळीनंतर आमच्या वर्गात जी जागा रिकामी दिसते ती या मुलीची. हजेरीपटावर गैरहजेरी आम्ही मांडतो, ती घडविणारा दुसराच असतो.

खाड्याच्या भीतीने काय होते तेही ऐका. कोपीपाशी पाणी नाही, आडोसा नाही; अंगावर पांढरे जाते, ओटीपोट दुखते, पाळीच्या दिवसांतही सुटी नाही. दवाखान्यात गेल्यास काही खाजगी डॉक्टर कर्करोगाचे भय घालतात व पिशवीच काढून टाकतात. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्याची पाहणी आली. 82,309 बायांपैकी 13,861 बायांची गर्भाशये काढलेली निघाली. सहा बायांत एक! पुष्कळ जणी ऐन उमेदीतल्या. त्या वयात पिशवीबरोबर बीजकोशही गेले की हाडे ठिसूळ होतात, आणि मोळी तर उचलावीच लागते. सटवाई पाचव्या रात्री कपाळी लिहिते असे आपल्या बाया म्हणतात. हे सटवाईने लिहिलेले नाही. हे मुकादमाच्या वहीत लिहिलेले आहे.

कोणी शहाणे म्हणतात, "आमच्या आज्या खुरपता खुरपता बाळंत होत, त्यांना कोठली रजा?" बरोबर. पण त्या आजीची किती पोरे झाली व किती जगली, हेही त्याच शहाण्याने सांगावे. आणि किती आज्या त्याच खाटेवर गेल्या, ते गावच्या म्हाताऱ्यांस विचारावे.

कारखान्याचे उत्तर ठरलेले: "ते मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे." वा! तोडणीचा करार कोण करते? उचलीचा पैसा मुळात कोठून येतो? तोडलेला ऊस मुकादमाच्या अंगणात पडतो की कारखान्याच्या गव्हाणीत?

1928 साली मुंबई कौन्सिलात गिरणी-कारखान्यांतील बायांच्या बाळंतपणाच्या विधेयकास डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी व नंतर आईस विसावा मिळण्यात साऱ्या देशाचे हित आहे, खर्चाचा भार सरकारने घ्यावा, आणि बाईच्या श्रमावर नफा करणाऱ्या मालकानेही तो उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. कायदा 1929 साली झाला. त्याच्याही आधी, 1863 साली, जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी परक्या जातीच्या विधवांची बाळंतपणे केली. त्यांच्या तसबिरीस हार घालणारे आपण आपल्याच फडातल्या बाईस सहा आठवड्यांचा विसावा देऊ शकत नाही काय?

'आपल्याच' असे मुद्दाम लिहितो. हे कारखाने गोऱ्या साहेबाचे नव्हेत. प्रवरानगरापासून पुढे सहकाराने जे उभे राहिले, त्यांचे सभासद आपणच, चेअरमन आपल्यातलाच. तोडणारी बाईही कोरडवाहू शेतकऱ्याचीच लेक. मग शेटजीच्या नावाने बोटे कोणी मोडावी?

सरकारही अंग चोरते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर बाईस निदान 6000 रुपये लिहिले. 2017 च्या योजनेत पहिल्या मुलासाठी 5000 आले. शिवाय गरोदरपणाची नोंद गावच्या अंगणवाडीत आणि बाई दोनशे कोसांवर. फडाजवळच्या आरोग्य केंद्रास ती कोण, कितव्या महिन्याची, ठाऊक नसते.

तेव्हा सभासद बंधूंनो, सप्टेंबरातील वार्षिक सभेत फक्त उसाचा दर विचारून उठू नका. तोडणी करणाऱ्या बाईचे नाव स्वतंत्र लिहा, तिच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यात घाला, बाळंतिणीचा खाडा बंद करा, त्या दिवसांची मजुरी कारखान्याने द्या, टोळीच्या तळावर पाळणाघर व पाणी-संडास करा, आणि आठवड्यास एकदा नर्स फडावर पाठवा, असा ठराव लेखी द्या. तोडणीस जाणाऱ्या घरांनी यंदा उचल घेण्याआधीच मुकादमास विचारावे : पोटुशी बाई असेल तर काय? उत्तर मिळेपर्यंत अंगठा देऊ नये.