गप्पीचं बाळंतपण

हिमायतनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये गप्पीची एकच मादी आणली होती. महिन्याभरात टाकीत पिल्लं! नर नसताना? गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. आणि बहुतेक वेळा दुकानातूनच गाभण येते. मात्र भूक लागली की आईच पिल्लं खाते, म्हणून टाकीत पाणवनस्पती दाट हव्यात. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच घालावं. क्लोरीन उडून जातं.

पिल्लं फार झाली, तर हुसेनसागर जवळ आहे म्हणून तिथे सोडू नका. गप्पी मूळची दक्षिण अमेरिकेची; तळ्यात पसरली की आपल्या माशांच्या तोंडचा घास घेते. नर-मादी वेळीच वेगळे ठेवा, उरलेली पिल्लं शेजारच्या मुलांना बरणीतून द्या.