या वयात काय शिकायचं?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आपल्या गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन सुरू होतं. श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या छोट्या विहारातही होतं. एखादा शिकलेला मुलगा वाचतो आणि समोर सतरंजीवर बसून आया-मावश्या हात जोडून ऐकतात. काही वर्षांपूर्वी त्यांतल्या एका काकींना मी म्हटलं, “काकी, पुढच्या वर्षी एक पान तुम्ही वाचायचं.” त्या हसल्या. “बाय, या वयात काय शिकायचं? आता जायची वाट बघायची.”

मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. घरोघरी फिरताना हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं, की माझ्या लेखी ते रक्तदाबाच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. असं बोलणारं माणूस हळूहळू गोळ्या चुकवतं, जेवण टाळतं, बाहेर पडणं सोडतं. मुलं मुंबईला, पनवेलला. घरात माणूस एकटं आणि टीव्ही चालू.

अशा माणसाला आपण काय सांगतो? “सकारात्मक राहा.” ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. घरांची छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. त्यात कोरोना. पुढे मोबाईल सुरू झाले तेव्हा सुविचारांचे संदेश येऊ लागले, की हसत राहा, चांगला विचार करा. ज्याची उभी बाग गेली त्याला हे वाचून धीर येत नाही, उलट आपलं दुःख कुणाला कळतच नाही असं वाटतं.

आपला धम्म असं सांगत नाही. तथागतांनी सुरुवातच दुःख आहे या सत्यापासून केली. आधी दुःख मान्य करायचं, मग त्याचं कारण शोधायचं, मग मार्गावर चालायचं. त्या मार्गात सम्यक व्यायाम आहे. न आलेले अकुशल विचार येऊ न देणं, आलेले घालवणं, कुशल विचार निर्माण करणं आणि ते टिकवणं, असा हा चार प्रकारचा प्रयत्न आहे. सकारात्मकता म्हणतात ती हीच, आणि ती रोज मेहनतीने कमवावी लागते. रिकाम्या मनाला “चांगला विचार कर” असं सांगून चांगला विचार येत नाही. मनाला काम द्यावं लागतं. माझ्या अनुभवात त्यासाठी सगळ्यात चांगलं काम म्हणजे काहीतरी नवीन शिकणं.

आपल्याच जिल्ह्यातला दाखला घ्या. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केलं. लुगडं नेसण्याची जुनी पद्धत सोडा, स्वच्छ राहा, मुलींना शाळेत घाला, असं त्यांनी सांगितलं. त्या बायका लेकुरवाळ्या होत्या, अक्षरशत्रू होत्या. पण त्यांनी लुगडं नेसण्याची नवी रीत लगेच शिकून घेतली. “आता या वयात कुठे?” असं म्हणत त्या बसल्या नाहीत. आपल्या पणज्या त्या. रीत बदलली तशी त्यांची मानही ताठ झाली.

स्वतः बाबासाहेबांचंच बघा. उतारवयात मधुमेह होता, पाय दुखत, नजर मंदावली होती. तरी पालीचा अभ्यास चालू होता. पाली शब्दकोश आणि व्याकरणाचं त्यांचं काम पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापलं. त्याच काळात ते व्हायोलिनही शिकत होते. आपण बाबासाहेबांची पदव्यांची यादी पाठ करतो, पण शिकणं त्यांनी शेवटपर्यंत थांबवलं नाही, हे मात्र विसरतो.

आता वैद्यकशास्त्र काय सांगतं ते पाहू. स्मृतिभ्रंशावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यात धोका वाढवणाऱ्या चौदा गोष्टी सांगितल्या आहेत. त्या सगळ्या आटोक्यात आणता आल्या तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील, असा अंदाज आहे. या चौदांमध्ये लहानपणी न मिळालेलं शिक्षण आहे, एकटेपणा आहे, नैराश्य आहे, उपचार न केलेली ऐकण्याची आणि पाहण्याची अडचणसुद्धा आहे. म्हणजे ज्यांना शाळेचं दार बंद होतं, त्यांना म्हातारपणीही त्याचा दंड भरावा लागतो. गेलेलं बालपण परत आणता येत नाही. पण एकटेपणा कमी करणं आणि मेंदूला काम देणं आपल्या हातात आहे.

शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. फांगण्याला जमलं ते आपल्या विहारांना का जमू नये? जागा आहे, सतरंज्या आहेत, दहावी-बारावीची मुलं आहेत. वर्षावासाचे तीन महिने रोज अर्धा तास पुरे. आधी स्वतःचं नाव, मग गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, एसटीची पाटी, मग ग्रंथातली एक ओळ. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाली वंदनेचा अर्थ शिकावा, मोबाईलवर नातवंडांशी बोलायला शिकावं. सुरुवातीला डोळे आणि कान तपासून घ्यावेत. “डोक्यात शिरत नाही” म्हणणाऱ्या कितीतरी जणांना नुसता चष्मा हवा असतो.

एक सांगते, शिकणं हे औषधाला पर्याय नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे. त्यात लाज कसली? चालू गोळ्या मनाने बंद करू नका.

त्या काकी आता वाचतात. भराभर नाही. मागच्या वर्षावासात अर्धं पान वाचायला त्यांना पंधरा मिनिटं लागली, जोडाक्षरांवर अडल्या, पण एकही माणूस उठला नाही. साखर त्यांची अजून वाढलेलीच आहे, गुडघेही दुखतात. पण परवा भेटल्या तेव्हा “जायची वाट” हा शब्द तोंडात नव्हता. म्हणाल्या, “बाय, माझं पान राखून ठेव गं.”

आपल्या विहारातही एक पान कुणासाठी तरी राखून ठेवा.

जय भीम, नमो बुद्धाय!