ट्रम्प यांचं चीनमध्ये ‘थलांगफू’ का होतं? चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी उच्चार शिकवणं इतकं अवघड का?

चीनच्या सरकारी बातम्यांमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचं आडनाव साधारण ‘थ-लांग-फू’ असं ऐकू येतं. इंग्रजीत एका झटक्यात संपणारा शब्द तिथे तीन तुकड्यांत बोलला जातो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येतं, पण यात निवेदकाचं काही चुकलेलं नसतं. मँडरिन या चीनच्या प्रमाणभाषेत ‘ट्र’ असं जोडाक्षर नाही आणि शब्दाच्या शेवटी ‘म्प’ येऊच शकत नाही. मग नाव भाषेच्या साच्यात बसवावं लागतं.

इंग्रजीच्या तासाला बसलेल्या चिनी मुलाचंही नेमकं हेच होतं. फरक इतकाच, की त्याने साच्याबाहेर पडावं अशी शाळेची अपेक्षा असते.

साचा नेमका कसा आहे?

सूर बाजूला ठेवले तर मँडरिनमध्ये जेमतेम ४०० च्या आसपास वेगवेगळी अक्षरं बोलली जातात. सुरांसकट मोजली तर हा आकडा सुमारे १,३०० वर जातो. अक्षराच्या शेवटी स्वर येतो, नाहीतर ‘न’, ‘ङ’ किंवा ‘र’सारखा ध्वनी. बाकी कुठलंही व्यंजन शेवटी येत नाही.

इंग्रजीत मात्र ‘वर्क्ड’, ‘हेल्प्ड’, ‘टेक्स्ट’ असे शब्द पावलोपावली भेटतात. चिनी विद्यार्थ्यापुढे दोनच सोप्या वाटा असतात. एक तर शेवटी स्वर जोडायचा, म्हणजे ‘गुड’चं ‘गुड-अ’ करायचं. नाहीतर शेवटचं व्यंजन गिळून टाकायचं. दुसऱ्या वाटेत ‘वर्क्ड’चं ‘वर्क’ होतं आणि भूतकाळच गायब होतो. समोरच्याला वाटतं, याचं व्याकरण कच्चं आहे. प्रत्यक्षात त्याने तो नियम लेखी परीक्षेत शंभर वेळा बरोबर सोडवलेला असतो.

‘ब’ आणि ‘प’चा घोळ

मराठी माणसाला हा मुद्दा पटकन कळेल. आपल्याकडे प, फ, ब, भ असे चार वेगळे ध्वनी आहेत. मँडरिनमध्ये यातले ‘प’ आणि (ओठ मिटून म्हटलेला) ‘फ’ असे दोनच आहेत. रोमन लिपीत ‘बी’ने सुरू होणारं बीजिंग चिनी माणसाच्या तोंडी ‘पेइ-चिंग’च्या जवळ जातं, ते यामुळेच.

शब्दाच्या सुरुवातीला यामुळे फारसं अडत नाही, कारण इंग्रज माणूसही ‘पेन’ म्हणताना ‘प’ला थोडा हकार देतो. उलट मराठी माणूस ‘पेन’ कोरडा उच्चारतो आणि इंग्रजी कानाला तो कधीकधी ‘बेन’ ऐकू येतो. चिनी विद्यार्थ्याची खरी पंचाईत शब्दाच्या शेवटी होते. ‘बॅग’ आणि ‘बॅक’, ‘बॅड’ आणि ‘बॅट’ एकसारखे वाटू लागतात.

शिवाय चीनमध्ये सगळे एकसारखं बोलत नाहीत. सिचुआन, हुनान, हुबेई या भागांतल्या अनेकांच्या बोलीत ‘न’ आणि ‘ल’ यांची सरमिसळ होते, त्यामुळे ‘नाइट’ आणि ‘लाइट’ वेगळे काढणं त्यांना जड जातं. कँटनीज बोलणाऱ्यांच्या अडचणी आणखी वेगळ्या. एकच धडा सगळ्यांना लागू पडत नाही.

सूर आहे, मग जोर कुठे द्यायचा?

मँडरिनमध्ये सूर बदलला की शब्द बदलतो. ‘मा’ चार सुरांत म्हटलं तर अनुक्रमे आई, अंबाडीसारखं तागाचं झाड, घोडा आणि रागावणं असे चार अर्थ निघतात. इंग्रजीत सुराचं हे काम नसतं. तिथे एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची अक्षरं घाईघाईत दबून जातात. प्रत्येक अक्षराला नीट न्याय द्यायची सवय लागलेल्या जिभेला काही अक्षरं मुद्दाम अर्धवट म्हणायला शिकवणं, हे शिक्षकाचं सगळ्यात चिवट काम ठरतं.

मग शाळा काय करतात?

चीनने २००१ मध्ये प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी सुरू करायचा निर्णय घेतला. विद्यापीठ प्रवेशाच्या ‘गाओकाओ’ परीक्षेत बहुतेक ठिकाणी ७५० पैकी १५० गुण परकीय भाषेचे असतात आणि बहुसंख्य मुलं इंग्रजीच घेतात. पण अनेक प्रांतांत या गुणांमध्ये बोलण्याला जागा नाही. जे परीक्षेत येत नाही ते वर्गात मागे पडतं, हे भारतातल्या पालकांना वेगळं सांगायला नको. बीजिंगने २०२१ पासून १५० पैकी ५० गुण संगणकावर होणाऱ्या श्रवण-संभाषण चाचणीला दिले, हा महत्त्वाचा अपवाद.

त्याच वर्षी आणखी एक बदल झाला. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने ‘दुहेरी कपात’ धोरण आणलं. शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंदी आली आणि परदेशात बसून शिकवणाऱ्या शिक्षकांच्या वर्गांनाही चाप लागला. अमेरिका-कॅनडातले शिक्षक ऑनलाइन जोडून देणाऱ्या ‘व्हीआयपीकिड’ने ऑगस्टमध्ये अशा नव्या वर्गांची विक्री थांबवली. ज्यांना परवडत होतं, त्यांचाही हा दरवाजा बंद झाला. उच्चारांची जबाबदारी पुन्हा गच्च भरलेल्या वर्गातल्या शाळेच्या शिक्षकावर आणि मोबाइलमधल्या ॲपवर आली.

सगळंच सुधारायला हवं का?

वेळ कमी असेल तर आधी काय शिकवायचं, हाच कळीचा प्रश्न आहे. ब्रिटिश भाषाअभ्यासक जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात यावर उत्तर मांडलं. इंग्रजी मातृभाषा नसलेले लोक आपापसांत बोलताना कशामुळे अडखळतात, हे त्यांनी तपासलं. ‘थिंक’चं ‘सिंक’ झालं तरी गाडी सहसा अडत नाही. पण व्यंजन गिळलं, ऱ्हस्व-दीर्घ स्वरांचा फरक पुसला किंवा वाक्यात भलत्याच शब्दावर जोर दिला, तर गोंधळ होतो. म्हणजे ज्या ‘गुड-अ’ला लोक हसतात, तो उच्चार गिळलेल्या ‘ड’पेक्षा कमी नुकसान करतो.

जगभरच्या वैमानिकांसाठी २००८ पासून लागू झालेले इंग्रजीचे निकषही याच दिशेने जातात. मातृभाषेची छाप चालते, फक्त तिच्यामुळे समजण्यात वारंवार अडथळा येता कामा नये.

गंमत म्हणजे शिक्षक, पालक आणि खुद्द विद्यार्थी सगळ्यात जास्त घाम गाळतात तो जीभ दातांमध्ये घालून ‘थ’ काढण्यावर आणि ‘अमेरिकन वाटण्यावर’. या मुलांना पुढे बोलायचं असतं ते अनेकदा व्हिएतनाम, ब्राझील किंवा भारतातल्या माणसांशी. शेनझेनचा पुरवठादार पुण्यातल्या खरेदी अधिकाऱ्याला फोनवर ‘वुई कॅन्ट शिप’ म्हणाला आणि शेवटचा ‘ट’ गिळला, तर पलीकडे ‘वुई कॅन शिप’ ऐकू येतं. माल निघणार नसतो आणि इथे त्याची वाट पाहणं सुरू होतं.